आंब्याच्या पानावरचा जे. एच.

केवळ वासावरून आंब्याची बाग ओळखणारे रत्नागिरीत पुष्कळ आहेत. केवळ विरामचिन्हावरून गुन्हेगार ओळखणारा मात्र एकच आहे, आणि तो मी आहे, हे सांगताना मला संकोच वाटतो. परंतु सत्यापुढे विनयाने माघार घ्यावी, असे माझे मत आहे. मी श्याम विद्वांस. व्यवसायाने निवृत्त मराठी शिक्षक, वृत्तीने गुप्तहेर. मी हाती घेतलेले एकही प्रकरण आजवर अनिर्णित राहिलेले नाही. काही निर्णय चुकले, ही गोष्ट निराळी.

२००३ च्या एप्रिलात माझी भाची वैदेही रडवेल्या तोंडाने आमच्याकडे आली. तिने भागोजी या बागायतदारांसाठी हापूस विकण्याची वेबसाइट बांधली होती. सोमवारी बागायतदारांच्या सोसायटीपुढे ती दाखवायची होती. ती पसंत पडली तर सर्व सभासदांचे काम वैदेहीला मिळणार होते. न पडली तर ते पुण्याच्या कंपनीला जाणार होते आणि वैदेहीही नोकरी शोधत पुण्याला जाणार होती.

आणि नेमक्या ऑर्डरच्या पानावर गेल्या आठवड्यापासून तीन ठिकाणी ‘Jh’ अशी अक्षरे उमटत होती. शिवाय ऑर्डर दिलेल्या गिऱ्हाइकाला आभाराच्या पानाकडे पाठवावे, तर तिथे इंग्रजीत तक्रार उमटे. पीएचपी नावाच्या त्या भाषेचा नियम असा, की गिऱ्हाइकाला दुसऱ्या पानाकडे पाठवायचे असेल तर त्याआधी अवाक्षर काढायचे नाही. इथे तर ‘Jh’ बोलून झालेले असे.

“आद्याक्षरे,” मी म्हणालो. “जयवंत हातखंबकर.”

हातखंबकर हे माझे बुद्धिबळातले जुने वैरी. मी त्यांची उलटतपासणी घेतली. त्यांनी आजवर कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता, आणि मी लावतो हे ऐकून त्यांना कॉम्प्युटरचीच कीव आली.

मग मी दुसरा सिद्धान्त मांडला. ‘J’ मोठा आणि ‘h’ लहान, म्हणजे ‘जळो हापूस’; आणि हापूसचा ‘h’ मुद्दाम लहान काढण्यात प्रतिस्पर्ध्याचा द्वेष उघड दिसतो.

“मामा, मला सोमवारी पान दाखवायचंय,” वैदेही म्हणाली.

तिच्या सांगण्यातून कळले ते असे. भाव रोज बदलतात म्हणून तिने भावांची वेगळी फाइल केली होती. भागोजी ती घरच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी स्वतः बदलत. पानावर जिथे भाव हवा तिथे, म्हणजे तीन ठिकाणी, ‘इन्क्लूड’ असे लिहून ती फाइल ओढून आणलेली होती. इन्क्लूडला फाइल सापडली नाही तर तो कुरकुरतो, पण पुढे जातो. ‘रिक्वायर’ला सापडली नाही तर तो तिथेच थांबतो. दोहोंपुढे ‘वन्स’ जोडले की एकदा आणलेली फाइल पुन्हा आणली जात नाही.

“म्हणजे पहिला विनंतीचा आणि दुसरा आज्ञेचा,” मी म्हणालो. “सभ्य भाषेत विनंतीच शोभते. त्याला वन्स जोड.”

तिने जोडले. तीनपैकी दोन ‘Jh’ नाहीसे झाले. टोळी तिघांची होती आणि दोघे फरार झाले, असे मी जाहीर केले. तिने रिक्वायर करून पाहिले. तिसरा जागचा हलला नाही. तो टोळीचा म्होरक्या असावा.

इतक्यात आमची कमला चहा घेऊन आली. तिने पडद्याकडे पाहिले आणि कप खाली ठेवला.

“अहो, हा तर श्री आहे.”

“कोण श्री?”

“कोण म्हणजे काय? मराठी टायपिंगला मोठा जे आणि धाकटा एच दाबला की श्री उमटतो. आमच्या क्लासात सगळे पानाच्या डोक्यावर आधी तोच मारायचे. भागोजीभावोजी कोर्टात टायपिस्ट नव्हते का?”

भागोजींना बोलावले. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत.

“टायपायचा कळपाट पुढ्यात आला का बोटं पयला श्री मारतात, मास्तर. मी कुठं पडद्याकडं बगतंय? आता तुमच्या मशीनला तो इंग्लिशात दिसला, तर मी काय करू?”

श्री काढून टाकावा, हे मात्र त्यांना मुळीच मान्य होईना. वैदेहीने तोड काढली. भावांच्या फाइलीत यापुढे फक्त आकडे लिहायचे. श्रीची स्वतंत्र फाइल करायची आणि गिऱ्हाइकाला पुढे पाठवायचे काम आधी उरकून मगच तो पानाच्या डोक्यावर शुद्ध मराठीत दाखवायचा.

“पण काका, ती फाइल सापडली नाही तर पान तसंच पुढे चालू दे, की थांबवू?”

“श्रीबिगर पुढं? थांबव.”

“आणि किती वेळा आणू?”

“एकदाच गो. देवाला कितीदा हाक मारशील?”

वैदेहीने ‘रिक्वायर वन्स’ लिहिले. माझ्या विनंतीवादाचा कोणी विचारही केला नाही.

सोमवारी सोसायटीच्या सभेत वैदेहीने पान उघडले. वर इंग्रजीची एक ओळ आली आणि खाली सारे कोरे. श्रीची फाइल ती वेबसाइटवर चढवायलाच विसरली होती. “रिक्वायर थांबला,” ती माझ्या कानात पुटपुटली, “श्री सापडला नाही.” मी हातखंबकरांविषयी पुन्हा विचार करू लागलो.

शेजारी बसलेल्या भागोजींनी ते ऐकले आणि ते उठून उभे राहिले.

“बगा,” ते सभासदांना म्हणाले, “श्री नाय, तर ह्या पोरीचं पान आंबाच इकत नाय. पुन्याचा कोन असा करील काय?”

सभेत संमतीची कुजबुज झाली. तेवढ्यात वैदेहीने फ्लॉपीतून फाइल चढवली. श्री एकदाच उमटला, त्याखाली भाव आले, ऑर्डर आभाराच्या पानावर पोहोचली आणि काम तिला मिळाले. फक्त एका वयस्क सभासदाने अट घातली.

“माझ्या पानावर गणपती पायजे. तो नसला तर काय पन चालू नको.”

“चालेल,” वैदेही म्हणाली. “एकदाच ना?”