जांभुळटेकचे चार डच

मेलेल्या माणसाला भाषा नसली तरी चालतं. पाटीला मात्र असावीच लागते. एवढं ध्यानात घेतलं, की सीमाभागातल्या खानापूर तालुक्यात जांभुळटेक गावी जे झालं ते किती नियमाला धरून झालं, हे सहज पटेल.

दुसऱ्या महायुद्धात गावामागच्या जंगलात एक लष्करी विमान पडलं. चार डच सैनिक गेले. तिघे जागीच, चौथा राजाबाईच्या मांडीवर, तिच्या हातचं पाणी पिऊन. गावाने त्यांना पुरलं, चार नावांचा दगड बसवला. राजाबाई तो दर सोमवारी धुवायची. ती गेल्यावर तिची सून गुणाबाई धुऊ लागली. कुठल्याच खात्याच्या ताब्यात नसल्यामुळे स्मारक ऐंशी वर्षं सुस्थितीत होतं.

यंदा चौथ्या सैनिकाची नात येणार असं पत्र आलं आणि स्मारकाचा विकास सुरू झाला. विकास म्हणजे पाटी.

पंचायतीने कन्नड पाटी लावली. सकाळी तिच्यावर डांबर होतं. मग युवक मंडळाचे अध्यक्ष राजकुमार (मुलं बेळगावात, इंग्रजी शाळेत) यांनी मराठी पाटी लावली. संध्याकाळी ती पोलीस ठाण्यात होती. एका आठवड्यात पाट्या सात, निवेदनं एकोणीस, बैठका पाच, चहाविना झालेल्या बैठका शून्य. ‘डच’ हा शब्द अशुद्ध असून ‘वलंदेज’ लिहावं, असा मंडळाचा पोटठराव होता. पाटी डच भाषेत असावी, असं एक निवृत्त मास्तर बोलून गेले. ही सूचना दोन्ही बाजूंनी एकमताने फेटाळली. एकमताचा असा प्रसंग सीमाभागात दुर्मीळ, म्हणून टाळ्याही झाल्या.

शेवटी कोरी पाटी लावायचं ठरलं. पण कोरी जागा वरची कुणाची नि खालची कुणाची, यावरून तणाव वाढला आणि जमावबंदी लागली.

सोमवारी गुणाबाई कळशी घेऊन आली. बंदोबस्ताच्या भरमा पोलिसाने तिला अडवलं.

“आक्का, पाच माणसं जमायची न्हाईत.”

“मी एकटीच हाय की रं!”

भरमाने दगडाकडं बोट केलं. “आत चार हायत. तुम्ही पाचव्या.”

(कायद्याचं हे वाचन बिनचूक होतं. भरमा कर्तव्यावर असल्याने माणसांत धरला गेला नाही.)

“ते चौघं ऐंशी वर्सं गप हायत,” गुणाबाई म्हणाली. “कालवा करणारी भाईर हायत, त्यास्नी मोज.” पण तिला परत जावंच लागलं. पुढच्या सोमवारीही तेच.

गुरुवारी नात आली. आनेका तिचं नाव, वय साठीचं. अधिकाऱ्यांनी तिला मानाने कोऱ्या पाटीसमोर उभं केलं. तिने फुलं ठेवली, दोन मिनिटं मान खाली घातली, डोळे पुसले. कार्यक्रम शांततेत पार पडला, असा अहवाल गेला. अधिकाऱ्यांच्या गाड्याही गेल्या. आनेका तिथेच रेंगाळली.

बांधावरून पाहणाऱ्या गुणाबाईला राहवलं नाही. तिने आनेकाचा हात धरला. “तिकडं न्हाय गं बाई. हिकडं.”

चार अधिक दोन, सहा. भरमाने हिशेब केला आणि पाठ फिरवून कोऱ्या पाटीवर कडक पहारा ठेवला.

दगडावर मातीचा थर होता. दोघींनी मिळून तो नारळाच्या काथ्याने घासला. एका नावावर बोट ठेवून आनेका म्हणाली, “विलेम.”

“विलेम,” गुणाबाईनेही म्हणून पाहिलं. चाळीस वर्षं धुतलेल्या माणसाला ती पहिल्यांदाच नावाने हाक मारत होती. “माझ्या सासूनं ह्येलाच पाजलं बघ पाणी.” तिने मांडीवर हात ठेवला, मग कळशीतलं पाणी ओंजळीत धरून पुढं केलं. आनेकाने कशाचाही अर्थ विचारला नाही. ओंजळीला तोंड लावून ती पाणी प्याली आणि मोठ्याने रडली.

बेकायदा जमावाचा गुन्हा सहा जणांवर नोंदला गेला. एक आरोपी परदेशी गेली, एक जामिनावर आहे, आणि उरलेले चौघे तपासाला सहकार्य करत नाहीत.

बाकी तिघांची नावं अजून कुणी विचारलेली नाहीत. वाचकहो, तुम्हीही नाही. पाटीवर शेवटी कुठली भाषा वर गेली, एवढंच जाणून घ्यायचं असेल तर संकोच करू नका. पाटी ठरवणाऱ्या समितीत एक जागा रिकामी आहे.