होणारा सासरा

कौटुंबिक न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि 'प्रकरणाशी नाते' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे तपासनिसांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : होणारा सासरा.

"असं नातं आमच्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "पक्षकार आहे, वकील आहे आणि इतर आहे."

"मग इतर करतो," म्हणत तपासनिसांनी खिशातल्या दोन पेनांपैकी एक काढलं. दुसरं पेन, पहिलं दगा देईल तेव्हा असावं म्हणून होतं. कुठल्याही गोष्टीला जोड असल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

तपासनिसांची उभी हयात सरकारी खात्यात लिफ्ट तपासण्यात गेली होती. निवृत्त होऊनही खोड गेली नव्हती. कोणाच्याही इमारतीत गेले की आधी पहारेकऱ्याला गाठायचं, लिफ्ट कधी बंद पडली होती, का पडली होती हे विचारायचं आणि उत्तर पटलं नाही तर जिन्याने जायचं. त्यामुळे बहुतेक नातेवाइकांकडे ते धापा टाकतच पोहोचत. आता त्यांची एकुलती एक लेक एका चष्मेवाल्याशी लग्न करायला निघाली होती आणि हा चष्मेवाला एकदा बंद पडलेला होता. म्हणजे घटस्फोटित होता. मुलगा शांत आहे, दुकान स्वतःचं आहे, कसलं व्यसन नाही, हे सगळं तपासून झालं होतं. पण पहिलं लग्न मोडलं का, यावर लेकीचं उत्तर एकच : "पटलं नाही त्यांचं." अशी मोघम उत्तरं देणाऱ्या कितीतरी इमारतमालकांच्या लिफ्टना तपासनिसांनी सील ठोकलं होतं.

लग्न महिन्यावर आलं होतं. अशा वेळी फाईल बघणं हे बापाचं कर्तव्यच आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि ते त्यांना लगेच पटलं.

बाईंनी नियम सांगितला. नक्कल मिळते ती नवराबायकोला. तिसऱ्याने मागितली तर दोघांनाही नोटीस जाते, येत्या गुरुवारी सगळ्यांनी प्रबंधकांपुढे हजर राहायचं आणि कोणाची हरकत नसेल तर नक्कल. चालेल का, असं बाईंनी विचारलं तेव्हा तपासनीस मिश्कील हसले. नोटीस म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी स्वतः धाडलेल्या नोटिसा पोहोचेपर्यंत जुनी इमारत पडून नवी उभी राहिलेली असे. कागदावर 'पाठवली' असा शिक्का पडेल, गुरुवारी कोणी फिरकणार नाही, म्हणजे कोणाची हरकत नाही असं धरून नक्कल हातात येईल आणि नोटीस पोहोचेल तेव्हा नातवंडं शाळेत असतील. खात्यात असंच चालायचं.

"बेलाशक पाठवा," ते म्हणाले. या न्यायालयात हल्ली नोटिसा फोनवर जातात आणि कचेरी बंद होताना दिवसभराच्या सगळ्या एकदम सुटतात, हे बाईंनी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही.

परतताना ते किल्लीवाल्याकडे थांबले. लेकीने नव्या फ्लॅटची किल्ली त्यांना दिली होती, लिफ्ट एकदा बघून या म्हणून. लिफ्ट बघून झाली होती. पण उद्या पोरांची किल्ली हरवली तर ती कोणाच्या दारात उभी राहणार, असा विचार करून त्यांनी नक्कल करायला टाकली. या खिडकीवर नातं विचारत नाहीत, याचं त्यांना समाधान वाटलं.

घरी आले तर चष्मेवाला हजर. होणाऱ्या सासऱ्याचा नंबर वाढल्याचं त्याच्या ध्यानात आलं होतं, म्हणून तो पेटी घेऊनच आला होता. त्याने तपासनिसांना खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची अवजड चौकट चढवली आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. बायको आणि लेक कौतुकाने बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच दुसरं कोणीतरी आपल्याला तपासतंय हे तपासनिसांना फारसं रुचलं नव्हतं, पण लांबची अक्षरं झकास दिसली. आता जवळचं बघायचं होतं, इतक्यात चष्मेवाल्याचा फोन वाजला. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग तोच फोन त्याने तपासनिसांच्या डोळ्यांपुढे धरला.

"काका, हे वाचता येतंय का बघा."

तपासनिसांना पहिल्या ओळीतच स्वतःचं नाव दिसलं. चक्क दिसलं.

"धूसर आहे," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने शांतपणे चौकटीशी काहीतरी खटपट केली. "आता?"

"आता तर काहीच दिसत नाही."

"काका, आता चौकटीत भिंगच नाहीये. मी काढून घेतलंय."

लेकीने फोन घेतला आणि खड्या आवाजात वाचला, अगदी 'प्रकरणाशी नाते : इतर' पर्यंत. मग ती बापाकडे वळली. चौकट नाकावर तशीच होती, त्यामुळे त्यांना धड रागावताही येईना की तोंड लपवताही येईना.

"बाबा, त्याला विचारायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"विचारलं की माणूस सोयीचं तेवढंच सांगतो. फाईल तसं करत नाही," तपासनीस म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"गुरुवारी सगळ्यांसमोर अर्ज मागे घ्या. नाहीतर फाईल वाचत बसा घरी. लग्न आम्ही तुमच्याशिवाय करू," लेक म्हणाली. ती बोलते ते करते, हे तपासनिसांना पक्कं ठाऊक होतं, कारण तिचा हट्टीपणाही त्यांच्याकडूनच आला होता. चष्मेवाल्याने चौकट उतरवून घेतली, भिंगं पुसून पेटीत ठेवली आणि जेवायला न थांबता गेला. तपासनिसांना पहिल्यांदाच भीती वाटली. बापाच्या हौसेपायी पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं, तर त्याची फाईल कुठल्याच कचेरीत मिळणार नव्हती.

गुरुवारी ते घरच्या सगळ्यांच्या आधी न्यायालयात पोहोचले. बाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आधीच बसलेले होते. त्यांच्या खिशाला दोन पेनं होती. तपासनिसांना एकदम बरं वाटलं. दोघांनी आधी छताच्या पंख्याला नावं ठेवली, मग बाकाच्या स्क्रूंना, आणि मग त्यांचं मेतकूट असं जमलं की तपासनीस कशाला आलो तेच विसरले.

म्हाताऱ्यांची लेक परगावी होती, तिच्या वतीने ते आले होते. तिचं लग्न कसं मोडलं, हे त्यांना आजवर उमगलं नव्हतं. त्यांनी काय केलं नव्हतं पोरीसाठी? नळ गळू नये म्हणून दर आठवड्याला जाऊन बघायचे. बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. पडदे अंधार करत होते म्हणून बदलून टाकले.

"किल्ली होतीच माझ्याकडे," ते म्हणाले. "सकाळी ते दोघं उठायच्या आत जाऊन गॅसची नळी तपासून यायचो. एकदा जावई टॉवेलवर समोर आले. मी म्हटलं, चालू द्या तुमचं, मी घरचाच आहे."

"बरोबरच केलंत," तपासनीस मनापासून म्हणाले.

"जावयाने कधी एका शब्दाने तक्रार केली नाही हो. बोलले ते एकदम कोर्टातच."

तपासनीस आणखी एकदा 'बरोबर' म्हणायला निघाले आणि थांबले. त्यांचा हात आपोआप खिशावर गेला. आत किल्ली टोचत होती.

तेवढ्यात जिन्यावरून बायको, लेक आणि चष्मेवाला आले. बाकावर दोन पेनांची दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली पाहून चष्मेवाला पायरीवरच थबकला. त्याने चष्मा काढला आणि पुसायला लागला. पुसून झाला तरी बराच वेळ तो त्याने डोळ्यांवर चढवला नाही.

"हेच ते," म्हातारे तपासनिसांच्या कानात म्हणाले.

प्रबंधकांनी विचारलं, चष्मेवाल्याची काही हरकत आहे का? नव्हती. म्हाताऱ्यांची तर मुळीच नव्हती. उलट त्यांचं म्हणणं होतं की फाईल जगाने वाचावी. म्हणजे नक्कल आता फक्त हात पुढे करण्याइतकी जवळ होती. सगळे तपासनिसांकडे बघत होते. लेक तर श्वास रोखून उभी होती.

"अर्ज मागे घेतो," तपासनीस म्हणाले. "हवी ती माहिती मिळाली."

"फाईल तर अजून उघडलीच नाही," प्रबंधक म्हणाले.

"बाहेरच्या बाकावर मिळाली."

बाहेर आल्यावर त्यांनी खिशातली किल्ली काढून चष्मेवाल्याच्या हातात ठेवली आणि तुमच्या घराची आहे, चुकून करून घेतली, असं काहीतरी पुटपुटले. चष्मेवाला क्षणभर किल्लीकडे बघत राहिला, मग इतका मोकळा हसला की लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, उद्या दुकानात या. जवळचा नंबर राहिलाय बघायचा," तो म्हणाला. ती दोघं पुढे निघून गेली.

तपासनिसांना फार हलकं वाटत होतं. चालता चालता ते बायकोला म्हणाले, "तुला माहितीये, पहिलं लग्न का मोडलं ते?"

"माहितीये. मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तोच नको म्हणाला. काकांना वाईट वाटेल म्हणाला."

फाटकापाशी बायको थांबली. तिने पदराला हात पुसला आणि तळवा त्यांच्यापुढे पसरला.

"आता काय?" ते म्हणाले.

"संसार केलाय तुमच्याशी," ती म्हणाली. "दुसरी द्या."

तपासनिसांनी आजूबाजूला पाहिलं, खाली वाकले आणि मोज्यातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.