बंडूनाना पाणी चाखतात

आमच्या शेजारचे बंडूनाना कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत. तहान असो-नसो. पहिला घोट तोंडात घोळवत, डोळे मिटत आणि निकाल देत, "आज नळाला नदी जास्त, औषध कमी." माझी बायको सुरुवातीला चिडायची. पुढं पुढं तीच सकाळी तांब्या घेऊन त्यांच्या दारात उभी राहू लागली. "नाना, आज उकळू का?"

नाना गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाले, पण बाटल्यांचा नाद सुटला नाही. दर सोमवारी पंचगंगेच्या घाटावर जायचं, बाटली भरायची, तारखेची चिठ्ठी चिकटवायची. नदीच्या वरच्या अंगाला एक साखर कारखाना होता. त्यानं मळी सोडली की त्या सोमवारची बाटली कोऱ्या चहासारखी दिसे.

मातीही त्यांच्या जिभेच्या तावडीतून सुटत नसे. त्यांच्या भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही जयसिंगपूरकडं गेलो होतो. पोहे येईपर्यंत नाना घरामागच्या उसात शिरले आणि चिमूटभर माती जिभेवर ठेवूनच परत आले.

"पावणं, माती खारट झालीया. युरिया आन् पाणी, दोन्ही आवरा."

मुलीचे वडील म्हणाले, "तुम्ही पोरगी बघाय आलाय का रान?"

"पोरगी झकास हाय. रान बिघाडलंय."

भाच्यानं कपाळाला हात लावला. तरी लग्न जमलं. पुढं त्याच व्याह्यांनी खारं पाणी निचरायला रानात चर खणायला काढले, तेव्हा नानांना मुद्दाम बोलावून घेतलं.

एकदा मळीच्या वासानं सारी पेठ हैराण झाली. नानांनी एक बाटली आणि घरचा स्टीलचा पेला पिशवीत घातला, मला बरोबर घेतलं आणि थेट कारखान्याच्या मॅनेजरांपुढं जाऊन बसले. पेला भरून पुढं सरकवला.

"घ्या साहेब."

"हे काय आहे?"

"तुमच्या खालच्या अंगाचं पाणी. आम्ही सगळी ह्येच पितो. पयला मान तुमचा."

साहेबांनी पेल्याला हात लावला नाही. शिपायाकडून चहा मागवला. नानांनी चहाचा घोट घोळवला.

"पाणी गोड हाय. कुठलं?"

"आमची वेगळी विहीर आहे."

"म्हंजे ठावं हाय तुमास्नी," नाना म्हणाले आणि चहा संपवून उठले.

मळी काही थांबली नाही. त्याच उन्हाळ्यात नदी आटली, पाणी काळपट झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. लोक टोपल्या घेऊन धावले. नानाही धावले. दोन बादल्या भरून मासे त्यांनी परसातल्या हौदात आणून सोडले. कुणी विचारलं तर सांगत, "पुरावा हाय. तपासणीचं साहेब आलं की दाखवायचा."

साहेब कोणी आला नाही. नानांच्या बायकोला, आमच्या काकूंना, जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एका दुपारी मी वर्तमानपत्र मागायला गेलो, तर नाना हौदाच्या कट्ट्यावर बसून भाकरी कुस्करत होते. "तू खाल्लंस की मगाशी. त्या बारक्याला खाऊ दे जरा." मी तसाच मागं फिरलो.

श्रावणात पूर ओसरला, नदी भरून वाहू लागली. नानांनी मला हाक मारली. एक बादली त्यांच्याकडं, एक माझ्याकडं, असे आम्ही घाटावर गेलो. ते पायरीवर गुडघाभर पाण्यात उतरले आणि एकेक मासा ओंजळीनं सोडू लागले.

"कारखान्याच्या वर जावा. हिकडं ऱ्हाऊ नगासा."

"नाना, पुरावा सोडून देताय होय?" मी थट्टेनं विचारलं. शेवटचा मासा दिसेनासा झाल्यावरही ते पाण्यात हात बुडवून तसेच वाकून राहिले.

नानांच्या दाराशी येऊन मी त्यांची बादली खाली ठेवली आणि निघालो, तर म्हणाले, "गडबड हाय का?"

"नाही."

"मग बसा की जरा. आज परसात जावंसं वाटंना."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.