बाठ्याची खळ

भालेराव सरांच्या कॉलेजातल्या खोलीत चहा प्यायला गेलं की आधी सही करावी लागे. चहा स्टोव्हवर उकळत असायचा आणि आपल्यापुढे कागद यायचा: 'या खोलीत जे ऐकेन ते बाहेर कुणाला सांगणार नाही.' खाली नाव, तारीख, सही. मी भिवंडीच्या त्या कॉलेजात कारकून होतो. तो मजकूर मीच टाइप करून दिलेला, कार्बन घालून, एका दमात चार प्रती. तरी मलाही सही चुकली नाही.

"भाऊसाहेब, राग मानू नका. तत्त्वतः तुम्हीसुद्धा बाहेरचेच."

'तत्त्वतः' हा सरांचा लाडका शब्द. घड्याळ बंद पडलं तरी ते तत्त्वतः चालूच असायचं. दुसरं लाडकं वाक्य म्हणजे, "हे अजून जगाला माहीत नाही." हे ते आवाज खाली आणून सांगत, आणि कशाबद्दलही सांगत. एस.टी. स्टँडच्या मागून पोस्टाकडे जाणारा बोळ अजून जगाला माहीत नव्हता. त्या बोळातून रोज हजार माणसं जात.

सर रसायनशास्त्र शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण आणि ते, असं दोघांचं घर. आता त्यांचं खरं गुपित सांगायला हरकत नाही. ते गुपित म्हणजे बाठा. आंबा खाऊन आपण कोय फेकतो ना, तिला आमच्याकडे बाठा म्हणतात. तो फोडला की आत गर निघतो. त्या गराचं पीठ करायचं आणि पिठाची खळ शिजवायची. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभ्या धाग्यांचा ताणा चढवण्याआधी सुताला खळ पाजावी लागते, नाहीतर धागा सारखा तुटतो. हे काम करणारे कारखाने वेगळे. भिवंडीत त्यांना साइझिंग म्हणतात. तिथे तेव्हा मक्याचं नाहीतर साबुदाण्याच्या कंदाचं पीठ वापरत.

"माणसाच्या तोंडचं काढून सुताला का पाजायचं?" सर विचारायचे. "बाठा तर आपण उकिरड्यावर टाकतो!"

याच विषयावर त्यांनी विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली होती. दुसरा कोणी डॉक्टरेट मिळाल्यावर दारावर पाटी लावून मोकळा झाला असता. सरांच्या डोक्यात मात्र बसलं की प्रयोगशाळेतली वस्तू कारखान्यात गेलीच पाहिजे, आणि रीतसर गेली पाहिजे. म्हणजे पेटंट घेऊन. पण प्रयोग विद्यापीठाच्या उपकरणांवर झालेले, तेव्हा अर्ज विद्यापीठानेच करायचा, असा नियम निघाला. सर म्हणाले, "चांगलंच आहे." ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे ही. तेव्हा माझे केस काळे होते.

मे महिन्यात सरांना लग्नाची आमंत्रणं फार यायची, आणि आमंत्रण नसलेल्या लग्नांनाही ते जायचे. बाकीचे लोक आहेर घेऊन जात. हे रिकामं पोतं घेऊन जात. आमरसाची पंगत उठली की सर आचाऱ्यापाशी उभे. एकदा पडघ्याच्या एका लग्नात वरबापाला वाटलं, हा माणूस उष्टं गोळा करतोय. त्याने बिचाऱ्याने पानभर जेवण वाढून आणलं आणि म्हणाला, "बाबा, बसून खा. लाजू नको." सर बसले, पोटभर जेवले, आणि जाताना त्याच्याही पानातला बाठा मागून घेतला. पोरं त्यांना मागून 'बाठा सर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "नाव तत्त्वतः बरोबर आहे," म्हणायचे.

विद्यापीठाला जाणारी स्मरणपत्रं मी टाइप करायचो. पहिलं पत्र उत्साहाने केलं. दहाव्याला नुसता कंटाळा होता. पुढेपुढे तर सर दारात दिसले की माझी बोटं दुखायला लागत. तिकडून येणारी उत्तरं सर स्वतःच फोडत आणि घरी नेत. मला फक्त सांगत, "प्रकरण समितीपुढे आहे." त्या समितीला आम्ही ऑफिसात इतक्या शिव्या दिल्या, की त्या सगळ्या सत्कारणी लागत्या तर समिती उरलीच नसती.

दरम्यान सरांना इसरारभाई भेटले. इसरारभाईंचं छोटं साइझिंग होतं. माणूस मोठा गमत्या, आणि शब्दाचा पक्का. त्यांनी एका बीमपुरती चाचणी घेऊ दिली. बीम म्हणजे ताणा गुंडाळलेला तो मोठा रूळ. बाठ्याची खळ लागली, बीम लूमवर चढला, कापड सुरू झालं. दोन शिफ्टमध्ये धागा मोजून तीनदा तुटला. कारागीर म्हणाला, असं सूत त्याने पाहिलं नाही. सरांनी त्याची लगेच सही घेतली.

मग आली शुक्रवारची सुट्टी. शनिवारी शेड उघडली तर उंदरांनी अर्धा बीम खाल्लेला.

"सर, माल एक नंबर है," इसरारभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "पण चूहा लोगांना पण पसंत आला ना!"

सर खाली बसून कुरतडलेलं सूत बघत होते. मला वाटलं, रडतात की काय. मान वर केली तर चेहरा खुललेला. "भाऊसाहेब, खळ विषारी नाही हे सिद्ध झालं!"

मग त्यांनी खळीत कडुनिंबाचा काढा घातला. उंदीर पळाले, कारागीरही पळाले. मग काढा कमी केला. असं करत करत दोन वर्षं गेली आणि एकदाची खळ जमली. उंदीर तिला शिवेनात आणि माणसं तिच्याजवळ उभी राहू शकत. इसरारभाई राहनाळला नवी शेड बांधत होते. ते सरांना म्हणाले, "कागद घेऊन या. मी तुमच्या नावाचा माल बनवतो. बिना कागदाचा पण बनवू शकतो, पण तो मग चोरीचा झाला. मला नको."

आता अडलं होतं ते फक्त विद्यापीठावर. सरांच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून मी रजा काढून स्वतः गेलो. मनात म्हटलं, आज त्या समितीचा सोक्षमोक्षच लावतो. तिथे एक बाई फाइल सांभाळत होत्या. त्याही माझ्यासारख्याच थकलेल्या. मी आवाज चढवला तर शांतपणे म्हणाल्या, "अहो, फाइल आमच्याकडे अडलेली नाही. तुमच्या सरांकडे अडलीय."

त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. समितीने पहिल्याच वर्षी मंजुरी दिली होती. फक्त एक दुरुस्ती मागितली होती. संशोधकांच्या रकान्यात दोन नावं होती. पहिलं सरांचं. दुसरं, ताराबाई भालेराव. शिक्षण: दुसरी. विद्यापीठाशी संबंध: नाही. समितीचं म्हणणं, दुसरं नाव कमी करावं. सरांचं उत्तर, करता येत नाही. पुन्हा समितीचं पत्र, पुन्हा सरांचं उत्तर. मूळ अर्ज आणि ही उत्तरं त्यांनी हाताने लिहिलेली, माझ्याकडे कधी आलीच नव्हती.

"आणि तसंही," बाई म्हणाल्या, "प्रबंध एकदा ग्रंथालयात लागला म्हणजे शोध जगजाहीर झाला, मग पेटंट मिळालं असतं की नाही, कुणास ठाऊक. कपाटात आहे तो. अजून एकानेही वाचायला नेलेला नाही."

मी परत आलो तो संतापून. नऊ वर्षं माझ्याकडून पत्रं बडवून घेतली या माणसाने! प्रयोगशाळेत सर एकटेच होते, परीक्षानळ्या धूत. मी दारातूनच म्हणालो, "सर, एक नाव खोडायचं होतं. एक!"

त्यांनी हात पुसले.

"आक्काचं नाव आहे ते," म्हणाले.

आई-वडील लहानपणी गेले. आक्काने शाळा सोडली आणि लूमच्या शेडमध्ये कांड्या भरायला लागली. लूमवर आडवा धावणाऱ्या धोट्यात बसतात त्या सुताच्या कांड्या. त्यावर सर शिकले. प्रबंधाच्या वेळी बाठ्याच्या पिठाने सूत तपकिरी व्हायचं. सरांनी अख्खं वर्ष घालवलं, डाग जाईना. एक दिवस आक्का अंगणात राखेने भांडी घासता घासता म्हणाली, "तुरट हाय नं त्यो? मग राखंच्या पान्यात दोन दिस भिजव. नळातल्या पान्यानं न्हाय जायचा." सरांनी हसत हसत भिजवला. डाग गेला.

"प्रबंधात मी लिहिलं, क्षारयुक्त द्रावणाची प्रक्रिया," सर म्हणाले. "मार्गदर्शक म्हणाले, घरच्यांची नावं घालायची नसतात. मी ऐकलं. प्रबंध बांधून आला तेव्हा आक्काला दाखवायला नेला. तिने विचारलं, तुझं नाव कुठं हाय? मी दाखवलं. तिने त्याच्यावरून बोट फिरवलं. स्वतःचं नाव विचारलंच नाही हो तिने. विचारलं असतं तर बरं झालं असतं." धुतलेली नळी स्टँडमध्ये ठेवत म्हणाले, "एकदा खोडलंय, भाऊसाहेब. आता पुन्हा हात चालत नाही."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. नुसता थकवा उरला. मी स्टुलावर बसलो.

पुढच्या आठवड्यात सरांनी माझ्याकडून शेवटचं पत्र टाइप करून घेतलं: अर्ज मागे घेत आहे. मग एका कागदावर खळीची सगळी कृती मराठीत लिहिली, खाली दोन्ही नावं घातली आणि कागद इसरारभाईंना नेऊन दिला. "आता चोरी नाही," म्हणाले. "ज्यांची आहे त्यांनी दिलीय."

शेवट काय झाला तेही सांगून टाकतो. खळ दोन मोसम चालली. मग भिवंडीत पॉलिएस्टरचं सूत आलं, त्याला असल्या पिठाच्या खळीची गरजच नसते. इसरारभाईंची शेड गोदाम झाली. पेटंट असतं तरी कपाटातच राहिलं असतं. सरांनी यावर कधी हळहळ केली नाही; निदान माझ्यासमोर नाही. नंतर आक्का गेली आणि सर फार गप्प झाले.

पण राहनाळला पहिली कढई चढली, त्या दिवशी मी तिथे होतो. सर आक्काला रिक्षातून घेऊन आले. लहानखुरी बाई, सुताच्या धुळीने छाती भरलेली, चार पावलं चालली की थांबायची. ती शेडच्या दारातच घुटमळली. तीस वर्षं शेडमध्ये काढलेली, पण कामाशिवाय आत जायची सवय नव्हती. इसरारभाईंनी स्वतःची खुर्ची आणून कढईजवळ ठेवली. "आपा, बैठो." ती खुर्चीच्या कडेला टेकल्यासारखी बसली. खळ रटरटत होती. कारागिराने पळीभर काढून निवायला ठेवली, तर आक्काने दोन बोटांत घेऊन चोळून पाहिली.

"वाईच पातळ हाय," ती हळूच म्हणाली आणि लगेच भावाकडे पाहिलं, आपण जास्त बोललो की काय म्हणून.

कारागीर इसरारभाईंकडे बघायला लागला.

"मेरे को क्या देखता है?" इसरारभाई म्हणाले. "बाई बोलल्या ना? पीठ डाल."

त्याने पीठ घातलं. आक्का उठून कढईपाशी उभी राहिली, आणि हात करून सांगू लागली, अजून, अजून थोडं, बास. सर माझ्याजवळ भिंतीला टेकून उभे होते. चष्मा काढून सदऱ्याला पुसत होते.

"खरंच पातळ होती," ते मला म्हणाले. "माझ्या लक्षात आलं नव्हतं."