बाराच्या पावसाचे बिबडे

आमच्या घरी बिबडे करायचं ठरलं, आणि मी मदत करायचं ठरवलं. यातली पहिली गोष्ट दर वर्षी होते. दुसरी पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच झाली (आणि ममताच्या म्हणण्याप्रमाणे शेवटची).

बिबडे म्हणजे भिजवलेल्या ज्वारीचं पीठ शिजवून, ओल्या कापडावर हाताने थापून उन्हात वाळवलेले पापड. आमच्या नंदुरबारच्या कॉलनीत एप्रिलमध्ये आठ घरच्या बायका रोज एकीच्या गच्चीवर जमून ते करतात. पाळ्या ठरलेल्या. पाळी चुकली की पुढच्या वर्षी. त्यात यंदाचे बिबडे साधे नव्हते. आमच्या यामिनीचं लग्नानंतरचं हे पहिलं वर्ष. पहिल्या उन्हाळ्यात माहेरचा डबा सासरी जातो, आणि म्हसावदच्या आमच्या विहीणबाई, धनुबाई, असा डबा खिडकीपाशी नेऊन उजेडात उघडतात अशी त्यांची ख्याती आहे. ममताची सगळी अब्रू त्या डब्यात जायची होती.

आणि हवा अवकाळीची. "फोनमा देखा ना, उद्या पानी यी का?" ममता म्हणाली. फोनने एकाच चित्रात ऊन, ढग आणि छत्री दाखवली. असं सगळ्या बाजूंनी सुरक्षित उत्तर आम्ही ऑफिसात देतो. (मी वरिष्ठ लिपिक आहे.) मला ते घरी चालेना. मी ठरवलं, माहिती मुळातूनच मागवायची. एपीआयमधून, म्हणजे हवामानाचे आकडे एक कॉम्प्युटर दुसऱ्याला थेट देतो तिथून.

लोक उगाच घाबरतात. एपीआय ही एक सरकारी खिडकीच आहे. आत कोण बसलंय ते दिसत नाही. आपण ठरलेल्या नमुन्यात अर्ज सरकवायचा, गावाचे अक्षांश-रेखांश लिहायचे, आपला ओळख क्रमांक जोडायचा. एक स्वल्पविराम चुकला की अर्ज परत. फरक इतकाच की ही खिडकी जेवायला उठत नाही. माझे पहिले एकोणीस अर्ज कारण न देता फेटाळले गेले, तेव्हा मला त्या यंत्राबद्दल मनापासून आदर वाटू लागला.

विसाव्या अर्जाला उत्तर आलं. तासातासाची यादी. सगळीकडे पाऊस शून्य, फक्त बारा वाजता आठ मिलिमीटर. प्रत्येक वेळेच्या शेवटी इंग्रजी झेड हे अक्षर होतं. सरकारी कागदाच्या शेवटी एखादं अक्षर असतंच. ते वाचायचं नसतं, एवढं एकतीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं.

सकाळी बायका गच्चीवर थापायला बसल्या तेव्हा मी जाहीर केलं, "बाराला पाऊस. साडेअकराला सगळं खाली घ्यायचं, एक वाजता परत पसरायचं. मग उद्यापर्यंत काळजी नाही."

शेजारच्या दगूबाईंनी मान वर केली. "भाऊ, हाई तुमले कोन सांगी ऱ्हायनं?"

"उपग्रह."

"त्याना घर बिबडा करतस का?"

बायका हसल्या. ममता मात्र हसली नाही. "कराले काय हरकत शे? एवढं सांगी ऱ्हायनात ते," ती म्हणाली. आमच्या संसारात असं वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

साडेअकराला चौदा ओली कापडं जिन्यावरून खाली आली. चार पलंगांवर, तीन सोफ्यावर, एक टीव्हीवर, बाकीची जिथे जागा मिळेल तिथे (एक माझ्या ऑफिसच्या शर्टांवर). निम्मे बिबडे उतरताना एकमेकांना चिकटले. बारा वाजले. बाहेर असं ऊन होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. साडेबारा झाले.

"पानी कोठे शे, भाऊ?" दगूबाई.

"टळला," मी म्हणालो. "धोका टळला." टळलेल्या धोक्याचं श्रेय घेण्याची ऑफिसात पद्धत आहे, ती मी पाळली.

चौदा कापडं परत वर गेली. जाताना दगूबाई पश्चिमेकडे बघत थांबल्या. "खापर गावकडे आभाय काळं दिसी ऱ्हायनं."

"आभाळ बघून सांगायचे दिवस गेले, दगूताई. आता शून्य मिलिमीटर आहे."

ममता गच्चीवर ताडपत्री आणून ठेवणार होती. मी नको म्हणालो. तिने ठेवली नाही.

साडेपाच वाजता पाऊस आला. मी लॅपटॉप घेऊन गच्चीवरच होतो. यादीत साडेपाचच्या आसपास कुठेही पाऊस नव्हता, म्हणून मी आधी यादी पुन्हा तपासली. स्क्रीनवरचं शून्य भिजत होतं. ममता धावत वर आली तोवर बिबड्यांचं पुन्हा पीठ झालं होतं.

मी जावईबापूंना, म्हणजे नवनीतला फोन लावला. ते कॉम्प्युटरच्या कामात आहेत. सगळं ऐकून ते म्हणाले, "पप्पा, तो झेड म्हणजे ग्रीनविचची वेळ. त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात."

"म्हणजे अंदाज बरोबर होता?"

"अगदी मिनिटाला."

मी आनंदाने खाली जाऊन ममताला सांगितलं, अंदाज बरोबर होता, फक्त वेळ ग्रीनविचची होती. ती जिन्यावर ओलं कापड मांडीवर घेऊन बसली होती. "मंग आपली गच्ची तठे शे का?" एवढंच म्हणाली, आणि रडायला लागली. मग मात्र मला माझी लाज वाटली. मी ती चौदा कापडं स्वतः धुतली (वाईट धुतली, पण धुतली).

दुसऱ्या दिवशी दगूबाई एक पातेलं घेऊन आल्या. त्यांच्यामागून बाकीच्या सहा जणी. प्रत्येकीने आपल्या घरचे बिबडे ओतले आणि डबा भरला. कोणाचे तिखट, कोणाचे लसणाचे, कोणाचे तिळाचे. चार दिवसांनी धनुबाईंचा फोन आला. ममताने श्वास रोखून स्पीकर लावला.

"ममताताई, सात परकारना बिबडा! आमना गावमा कोन्ही असा डबा देखेल नही."

ममताने डोळे मिटले. मग विहीणबाईंना व्याह्यांची, म्हणजे माझी आठवण झाली. "याहीस्ले इचारा ना, गुरुवारले आमना बिबडा शेत. जवारी भिजाडेल शे. पानी यी का?"

माझी छाती फुगली. या वेळी मी म्हसावदचे अक्षांश-रेखांश टाकले, प्रत्येक ओळीत साडेपाच तास मिळवले, दोनदा पडताळलं. "गुरुवारी थेंबही नाही, विहीणबाई. बिनधास्त करा."

"बरं झायं इचारं ते," त्या म्हणाल्या. फोन बंद करायला मात्र विसरल्या. आतून त्यांचा आवाज आला, "यामिनी, गुरुवारनं रद्द कर. याही म्हनतस पानी नही." माझ्या बाराच्या पावसाची बातमी म्हसावदला आधीच पोचली होती.

गुरुवारी म्हसावदला दिवसभर लख्ख ऊन पडलं. भिजवलेली ज्वारी शुक्रवारी नासली. आयुष्यात पहिल्यांदा माझा अंदाज वेळेसकट खरा ठरला, आणि तेव्हापासून विहीणबाई माझ्याशी बोलत नाहीत. ममताजवळ तेवढं म्हणाल्या, "याहीस्ना काय भरोसा नही. कधीमधी खरं बी सांगी देतस."