थोरल्याला हार, धाकट्याला सुतक

"ॲप एक मिनिट जरी बंद पडलं ना, तर लॅपटॉप ठेवायचा आणि मासळीची पाटी उचलायची," सरूबाईने मुलाला आधीच बजावलं होतं.

वेसाव्याच्या सरूबाईची मासळी आता ॲपवर विकली जायची. ॲप ह्याच मुलाने, नितेशने बनवलेलं. घरात कॉम्प्युटर दोन, थोरला आणि धाकटा. थोरल्यात आलेली ऑर्डर लगेच धाकट्यातही उतरायची. पण गेल्या आठवड्यात एक ऑर्डर आतल्या आत बिघडली आणि पापलेटवाल्या बाईंना बोंबील गेले. म्हणून नितेशला तपासणी चालू करायची होती, म्हणजे माहिती बिघडली की कॉम्प्युटर स्वतःच ओरडेल. त्यासाठी तो आधी थांबवावा लागतो.

"एकेकाला थांबवणार," त्याने बायकोला, कल्पिताला सांगितलं. "आधी धाकटा. तो तयार झाला की काम त्याच्याकडे, मग थोरला. गिऱ्हाइकाला कळणार पण नाय."

"आईंना सांगितलंस?"

"तिला काय कळतंय त्यातलं."

एवढा हुशार माणूस, आणि दिवस निवडला खंडेनवमीचा. नवरात्र सुटल्यावरच्या ऑर्डरी धो धो येत होत्या. धाकट्याला तपासणीला लावून नितेश चहा प्यायला गेला. परत आला तर थोरला पाटावर, मासे कापायच्या कोयत्याशेजारी. हळदकुंकू, हार, आणि प्लग बाहेर.

"आई, काय केलंस हे?"

"हत्यारांची पूजा. उद्यापर्यंत शिवायचं नाय. दुसरा पण आण, एक हार उरलाय."

धाकट्याची तपासणी नुकतीच आटपली होती. आता सगळी भिस्त त्याच्यावर. नितेशने त्याला मिठीच मारली आणि तोंडाला आलं ते बोलला.

"ह्याची पूजा नाय चालणार. ह्याला सुतक आहे."

"कोण गेलं?"

"आतली एक फाईल. आत्ताच तपासणीत मेलेली सापडली."

कल्पिता तोंड दाबून आत पळाली. सरूबाईने हार खाली ठेवला.

"दोघांत सगळं सारखंच असतं बोलतोस ना नेहमी? म्हणजे थोरल्याची पण ती घरचीच."

नितेशचा चेहरा उजळला. "हो ना. सख्खे भाऊ."

सरूबाईने थोरल्याचा हार काढला, त्याला पाटावरून उतरवलं. नितेश प्लग घेऊन धावला.

"हात नको लावू. भावाभावांना एकच सुतक. दहा दिवस दोघं कोपऱ्यात बसतील. आणि ॲप बंद पडलं ना? उचल पाटी."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नितेश बाजारात पाटीमागे बसला होता. विक्रोळीहून आलेल्या एका बाईंनी सुरमईचे कल्ले उघडून बघत विचारलं, "काय रे, ॲप का बंद तुमचं?"

"कॉम्प्युटरला सुतक आहे," नितेश वैतागून म्हणाला.

बाईंनी गंभीरपणे मान हलवली.

"मग बरोबर आहे. तेराव्यानंतरच ऑर्डर टाकते."