गद्र्यांचे रानहंस

गद्र्यांनी आयुष्यात अंडं खाल्लं नव्हतं, पण हंसांच्या शिकारीवर ते तासभर बोलू शकत.

ही २०१५ च्या सुमाराची गोष्ट. सिंगापुरात, जुरोंग ईस्टला आमच्या ब्लॉकखालच्या मैदानावर ते रोज सकाळी प्लास्टिकचे डझनभर हंस मांडत. कुणी 'बदकं' म्हटलं की भडकत. "बदकं नव्हेत. रानहंस!"

गद्र्यांना वेड लागलंय, असं आम्हा मराठी मंडळींत ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत मीही होतो, ते अजून टोचतं. म्हणून आज ठणकावून सांगतो: गद्रे वेडे नव्हते. अजिबात नव्हते.

त्यांचा मुलगा निखिल कॅनडात. तिथे थंडीच्या तोंडावर शेतात असे नकली हंस मांडतात. वरून जाणारे खरे हंस फसून खाली उतरतात, मग बंदूक. मुलगा हे करतो असं कळल्यावर गद्र्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. बायको गेल्यावर फोन पुन्हा सुरू झाले, पण हवापाण्याच्या पुढे सरकेनात. एकदा निखिल म्हणाला, "बाबा, यंदा ऑक्टोबरात माझ्याबरोबर या ना."

"गोळी तू झाड," गद्रे म्हणाले. "मांडणी माझी."

आणि लागले सरावाला. पण पावसाआधीचा वारा सुटला की अर्धे हंस तोंडघशी पडत. शेजारची चिनी आंटी खिडकीतून ओरडे, "अंकल, कॅनॉट लाह! गो होम!"

"यू गो होम! वी आर प्रॅक्टिसिंग!"

एका सकाळी आभाळ काळंकुट्ट झालं, वारा पिसाटला. गद्र्यांना घरी आणायला मी खाली गेलो, तर त्यांनी फोनच माझ्या हातात कोंबला. "धरा नीट. निखिलला दिसू दे."

पडद्यावर निखिल खो खो हसत होता. "बाबा, ही तर पंगत मांडलीय तुम्ही!"

खरंच. समोरासमोर दोन रांगा, मधून वाढप्याला वाट.

"मग? येणाऱ्याला बसायला जागा नको?"

"जागा हवीच. पण एका रांगेची पाठ वाऱ्याकडे आहे. शेपटीखालून वारा शिरतो. हंस वाऱ्याकडे तोंड करूनच बसतो, बाबा."

गद्रे गवतात गुडघे टेकून एकेक हंस फिरवू लागले. वारा वाढला. एकही पडला नाही.

"बाबा, गुडघा दुखत नाही का?" निखिलने हळूच विचारलं.

टपोरे थेंब सुरू झाले. मी म्हणालो, "चला आता, गद्रे."

त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यावर तळहाताचं छप्पर धरलं.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "आम्ही बोलतोय."